ब्लॉकमधलं पाणी

४ सप्टेंबर

मामा,

साष्टांग वगैरे मी मनात घातलं आहे, ते पोचलं असं धरून चाल. बोटीवरचं काम सोडलं. म्हणजे त्यांनी सोडायला लावलं, पण ते जाऊ दे. सध्या एका फळबागेत तोडणीला आहे. इथल्या शिड्यांना तीनच पाय असतात. का, तर उतारावर चौथा पाय कायम हवेत लटकणार. मी दोन दिवस त्या शिड्यांकडेच बघत होतो. मुकादम म्हणाला, "फळं झाडाला लागतात, शिडीला नाही."

पण मी सांगत होतो ते वेगळंच. बागेच्या खालच्या अंगाला मालकांचं घर आहे, आणि घरासमोर एक ट्रॅक्टर उभा आहे. उभा कसला, रुतलाय. पुढची चाकं अर्धी जमिनीत, सीटच्या जागी नुसती स्प्रिंग, आणि मागचं चाक नि इंजिन यांच्या मधून एक झाड वर आलंय, माझ्या मांडीएवढं जाड. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे, त्या काळातला आहे. तुझ्या वर्कशॉपच्या दारात तुझ्या वडिलांचा आहे ना, त्याचाच भाऊ. दोन वर्षं तुझ्या हाताखाली काढली (तू म्हणशील, वाया घालवली), तेवढं तर ओळखतोच.

घरात दोघंच. मी त्यांना आजी-आजोबा म्हणतो. आजोबांना उन्हाळ्याच्या आधी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची खाट खिडकीशी लावलीय आणि ते दिवसभर त्या ट्रॅक्टरकडे बघतात. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "तुला यातलं कळतं का रे? हा एकदा सुरू झाला असता तर यांच्या कानावर पडलं असतं. डॉक्टरांनी वर्षअखेरचंही धरू नका म्हणून सांगितलंय."

मी हो म्हणालो. कळतं म्हणून नाही, तोंडातून निघून गेलं. आता तू सांग, असल्या ट्रॅक्टरला हात घालण्यात अर्थ आहे का?

तुझा भाचा


१३ सप्टेंबर

भिरभिऱ्या,

आठ महिन्यांनी पत्र, आणि त्यात ख्यालीखुशालीच्या आधी शिडीचे पाय. म्हणजे तब्येत ठीक आहे.

ट्रॅक्टरचा नाद सोड. गंजलेलं यंत्र बघून गहिवरणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. दर वर्षी एखादा यायचा, "मिस्त्री, आजोबांचा आहे, उभा करायचाय." सहा महिन्यांनी ट्रॅक्टर खोललेला, निम्मे भाग पोत्यात, आणि माणूस गायब. उभा गंजलेला ट्रॅक्टर निदान ट्रॅक्टर तरी दिसतो. खोलून टाकलेल्याला कुत्रं विचारत नाही. शिवाय जो भाग लागेल तो आता कुठं बनत नाही, आणि मिळाला तर अख्ख्या ट्रॅक्टरच्या किमतीला.

आणि हे सगळं करणार कोण? तू! सायकलची चेन तू एका बैठकीत कधी बसवली नाहीस. मधेच उठून पतंग बघायला गेलास आणि गिऱ्हाईक पायी घरी गेलं.

त्या बाईंना जाऊन सांग, जमणार नाही. मरणाऱ्या माणसाच्या घरात खोटी आशा नेऊन ठेवू नये. तू दार उघडं टाकून निघून जाशील, निस्तरावं त्यांना लागेल.

वर्कशॉप बंद आहे. शटर उघडून बसतो सकाळी तासभर, वारा यावा म्हणून.

मामा

पुढचं हँडल लावून इंजिन फिरतं का पाहिलंस? नुसतं विचारतोय.


२४ सप्टेंबर

मामा,

नाही फिरत. हँडलला लोंबकळलो, वर उभा राहिलो, मुकादमालाही उभा केला (तो शंभर किलोचा असेल). जागचं हलत नाही.

जमणार नाही म्हणून सांगायला मी खरंच गेलो होतो. आजी आजोबांची दाढी करत होत्या. आजोबांनी डाव्या हाताने वस्तरा बाजूला केला आणि माझ्या हातांकडे बघितलं. हाताला गंज लागला होता. ते कितीतरी वेळ बघत होते. आजी म्हणाल्या, "हे अठराव्या वर्षी ड्रायव्हर म्हणून आले इथं. या दरीतलं एक शेत नाही जे यांनी नांगरलं नाही. मालक वारले तेव्हा बाग आम्हाला दिली, हाही दिला." मग मला ते वाक्य बोलताच आलं नाही.

म्हणून झाड कापलं. दोन दिवस गेले. बुंध्यात साखळीचा तुकडा सापडला, झाडाने गिळलेला. मी तो आजोबांना नेऊन दाखवला, त्यांनी उशाखाली ठेवून घेतला. आजी म्हणाल्या, "अंथरुणात लोखंड! आता हेच बाकी होतं."

तोडणी संपली, बाकीचे पुढं गेले. मी राहिलोय. शेडमध्ये झोपतो. रागावणार असशील तर राग, पण पिस्टन कसे सोडवायचे ते लिही.

तुझा


३ ऑक्टोबर

भिरभिऱ्या,

उंटावरून शेळ्या हाकायला लावतोस. ठीक.

प्लग काढ. प्रत्येक सिलिंडरमध्ये वाटीभर डिझेल आणि जुनं तेल निम्मं-निम्मं घालून ओत. आणि बस. आठ दिवस बस. रोज थोडं ओतत राहा. हातोडा हातात घेतलास तर माझं नाव लावू नकोस. गंज सावकाश धरतो आणि सावकाशच सोडतो. नंतर हँडलवर हलका दाब, पुढं-मागं, पुढं-मागं. एक सूत हललं की समज, हललं.

ठिणगी पाडणारा मॅग्नेटो इतकी वर्षं पावसात राहिलेला, तो गेलाच असणार. माझ्या फळीवर एक जुना पडून होता, पार्सलने पाठवला आहे. वापर, नाहीतर वजन म्हणून ठेव.

रोज काय केलंस ते म्हाताऱ्यांना सांगत जा. ते बोलत नसले तरी ड्रायव्हर आहेत.

मामा

अरे, मी मामी. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी घुसवते. मॅग्नेटो फळीवर वगैरे काही पडून नव्हता. सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचा आहे. वर्कशॉप कर्जात बुडालं तेव्हाही यांनी ज्याचा एक बोल्ट कुणाला दिला नाही, त्याचा. दोन तास लागले काढायला, हात थरथरतात आता. मी विचारलं तर म्हणाले, "आपला तसाही चालवणार कोण?" तुला मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. आणि बाबा, एवढं एक काम तडीला ने.


२८ ऑक्टोबर

मामा,

हलला!! चौदाव्या दिवशी. आठ म्हणालास, चौदा लागले, आणि हातोडा घेतला नाही, शप्पथ. आधी वाटलं हँडलच वाकलं. मग आतून कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. मी ओरडत खिडकीशी गेलो तर आजोबांच्या खाटेची कडा टकटक वाजत होती. त्यांना तो आवाज काचेतून ऐकू गेला होता.

मॅग्नेटो बसवला. तुझ्या फळीवरचा. ठिणगी अशी निळी पडते की बघत राहावं. फळीला माझा नमस्कार सांग.

रेडिएटरमध्ये पाणी भरून गळतंय का ते पाहिलं. गळत नाही. आता राहिली रॉकेलची टाकी. तिला भोकं होती म्हणून डाग द्यायला गावातल्या पत्रेवाल्याकडे दिली, तो म्हणतो सहा दिवस. टाकी आली की पुढच्या रविवारी सुरू करायचा. आजींनी आजोबांचा चांगला सदरा धुऊन ठेवलाय.

सहा दिवस नुसतं बसून काय करू? इथून एका दिवसावर नदी आहे, आणि तिच्यावर दोरावर चालणारी नाव आहे, इंजिन नाही, वल्हं नाही, नुसत्या पाण्याच्या ओढीवर ही तीर ते तीर जाते. ती बघून येतो. हे पत्र वाटेतूनच लिहितोय. काळजी करू नकोस, थंडी पडायला लागलीय म्हणून निघायच्या आधी खाली वाकून रेडिएटरची तोटी उघडली, सगळं पाणी सोडलं. बघ, शिकवलेलं विसरलो नाही.

निघताना आजोबांनी खिडकीतून डाव्या हाताने खुणा केल्या. दोन बोटं वर केली, मग चिमटीत काहीतरी पिळल्यासारखं केलं. पुन्हा दोन बोटं, पुन्हा पिळणं. आजी म्हणाल्या, "दोन दिवसांत ये म्हणतायत, आणि शेडला कुलूप लाव." मी कुलूप लावून किल्ली उंच धरून दाखवली. तरी चालूच. मग मीही दोन बोटं दाखवली, म्हटलं येतो दोन दिवसांत, आणि निघालो. इतकी माया लावली बघ म्हाताऱ्याने.

तुझा


५ नोव्हेंबर

ते दोन दिवस म्हणत नव्हते. दोन तोट्या म्हणत होते.

एक रेडिएटरची, ती तू उघडलीस. दुसरी इंजिनच्या ब्लॉकला असते, डाव्या अंगाला, मागं, खाली. ती उघडली नाही तर ब्लॉकमधलं पाणी आतच राहतं. ते गोठलं की फुगतं, आणि बिडाला फुगणं माहीत नाही, ते फुटतं. तू वाकलास तेव्हा ते बघत असणार. एक उघडून उठलास म्हणून सांगत होते, दुसरी, दुसरी पिळ.

हे पत्र मिळेल तिथून मागं फिर. तोटीत चिखल बसलेला असेल, तार घालून मोकळी कर.

तुझी चूक नाही. ती मी तुला दाखवलीच नव्हती. दुसऱ्या थंडीत दाखवणार होतो, त्या वर्षी तू थंडीच्या आधीच पळालास.

मामा


१७ नोव्हेंबर

मामा,

फुटला.

मी दोन दिवसांनी परतलो नाही. आठ दिवसांनी परतलो. नावाड्याच्या पाठीत उसण भरली होती, तर मी दोर धरायला राहिलो, मग तिथलीच एक वाट आवडली, मग काय सांगू तुला. तिसऱ्याच रात्री इथं कडाक्याचं गोठलं होतं. आलो तेव्हा ऊन पडलेलं, आणि ब्लॉकमधून पाणी गळत होतं, थेंब थेंब. पुसून बघितलं. भेग वीतभर आहे. केसासारखी बारीक. बघणाऱ्याला ओरखडा वाटेल.

मी त्याच्यावर पोतं टाकलं. आजींना म्हटलं, टाकी नीट झाली नाही, अजून थोडे दिवस लागतील. टाकी माझ्या खाटेखाली होती. आठवडाभर मी शेडमध्ये खोटंच ठोकत बसायचो, रिकाम्या डब्यावर, म्हणजे खिडकीत आवाज जावा. इतक्या नेमाने मी आजवर कुठल्याच कामाला बसलो नव्हतो, मामा, आणि तेही खोट्या.

मग तुझं पत्र आलं. उभ्यानेच वाचलं. आजोबा झटका आल्यापासून जे काही बोलले ते एवढंच, आणि ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. तुला तिकडं बसून कळलं.

आत गेलो. आजी चहा गाळत होत्या. मी खाटेशी बसलो, दोन बोटं वर केली आणि चिमूट पिळली. म्हटलं, "आजोबा, मी एकच उघडली. ब्लॉक गेला." आजींच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उजवा डोळा आपोआप गळतो, त्याचं काही नाही. हा डावा होता. मग त्यांनी हात वर केला आणि माझा कान धरला. जोरात. इतका की मी खाली वाकलो. आणि सोडेचनात. आजी म्हणाल्या, "अहो, सोडा पोराला." तर तसेच कान धरून झोपी गेले, मी वाकलेलाच.

त्या दिवसापासून दूधही नीट उतरत नाही त्यांच्या घशाखाली. रविवारचा तो सदरा आजींनी घडी करून कपाटात टाकला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्यापेक्षा हाकललं असतं तर बरं झालं असतं.

तुझा मॅग्नेटो कुठला ते मला माहीत आहे. मामीला बोलू नकोस.

तुझा


१ डिसेंबर

मामा,

आजोबा चोवीस तारखेला गेले. सकाळी. आजी पांघरूण सारखं करत होत्या, त्यांना वाटलं डोळा लागलाय.

मी ठरवलं होतं की राहायचं, ती भेग कशी बुजवतात ते तुला विचारायचं, आणि कसंही करून तो सुरू करायचा. आजींना तसं म्हणालोही. त्या चूल पुसत होत्या. म्हणाल्या, "कुणासाठी?" मी म्हटलं, आजोबांच्या आठवणीसाठी. तर म्हणाल्या, "अरे, मला त्याचा आवाज कधीच आवडला नाही. चाळीस वर्षं माझी पहाटेची झोप मोडली त्याने. ऐकायचं होतं ते यांना." मग बराच वेळ पुसत राहिल्या, स्वच्छ चूल पुन्हा पुन्हा. "आता खिडकीतून तो दिसला की, झाड कापलंस ते यांना बरं दिसत असेल, असं वाटतं आणि मी खाटेकडे वळते. दिवसातून दहा वेळा वळते. घेऊन जाऊ दे त्याला."

भंगारवाले परवा आले. दोघं होते, भले होते बिचारे. एक जण म्हणाला, "इंजिन फिरतंय की याचं! एवढी मेहनत घेतली कुणी?" साखळी लावून वर ओढला तेव्हा पुढची चाकं कुरकुरत फिरली, दोन्ही. मीच ग्रीस भरलं होतं त्यांत. जिथं रुतला होता तिथं चार खड्डे राहिलेत, मी माती ओढून बुजवले.

मॅग्नेटो आधीच काढून घेतला होता. माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून पार्सल केलाय, वडिलांच्या ट्रॅक्टरला परत लाव.

तुझं पुढचं पत्र आलं नाही. रागावलास तर बरोबरच आहे. आजी राहा म्हणतात, शेड रिकामी आहे म्हणतात, पण त्या बोलताना खिडकीकडे पाठ करून बसतात, आणि मी समोर असलो की त्यांना ते आठवत असणार. तेव्हा उद्या सकाळी निघतो. कुठं ते अजून नक्की नाही. पोचलो की पत्ता कळवीन.

तुझा


२७ नोव्हेंबर

भिरभिऱ्या,

तुझं सतरा तारखेचं पत्र आज दुपारी मिळालं. रागावलो नाही. तू पळून न जाता त्या खाटेशी जाऊन बसलास, तेवढ्यात माझं सगळं भरून पावलं.

आता नीट ऐक. वीतभर भेग म्हणजे काही नाही. मी याहून वाईट शिवल्या आहेत. हो, शिवायच्या. भेगेच्या दोन्ही टोकांना आधी भोकं पाडायची, म्हणजे ती पुढं पळत नाही. मग तिच्यावर एकाला एक खेटून भोकं, त्यांना आटे, त्यात लोखंडी पिना, वरून सावकाश ठोकून सपाट. वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नकोस, बीड तापलं की दुसरीकडे फुटतं. दोन दिवसांचं काम. पण ते तुला पत्राने जमणार नाही, तेव्हा मी येतो.

असा दचकू नकोस. तिकीट काढलं. मामी म्हणते, हात थरथरतात आणि निघाले ब्लॉक शिवायला. मी म्हटलं, भोकं भाचा पाडेल, मी फक्त कुठं ते सांगीन. सकाळपासून वर्कशॉपात आहे. आटे पाडायचे डाय सापडले, पिना कापून ठेवल्या, पंचवीस. शटर पूर्ण उघडलं तर शेजारचा विचारायला आला, काय मिस्त्री, पुन्हा सुरू केलं की काय!

सप्टेंबरात मी तुला नाद सोड म्हणालो होतो. तेव्हा मला वाटलं होतं, एक गंजका ट्रॅक्टर आहे आणि एक मरायला टेकलेला माणूस. पण ज्याला दुसरी तोटी आठवते, तो अजून ड्रायव्हर आहे. त्याचा ट्रॅक्टर असा सोडून देता येत नाही. आजोबांना सांग, तुमच्या धंद्यातला एक माणूस येतोय, बोलायची गरज पडणार नाही. सकाळी ते पिना बघतील खिडकीतून, चुकलं तर हात करतील, मला समजेल. सुरू झाला की खाटेसकट बाहेर काढू त्यांना. मग बसू तिघं, कुणी काही बोलायचं नाही.

पाच डिसेंबरला दुपारपर्यंत पोचतो. घ्यायला येऊ नकोस, वाट विचारत येईन. तू फक्त तिथून हलू नकोस.

मामा